रुखवतातली जोडी

बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती. आम्ही माधवनगरला राहायचो, आमचे मालक मिलमध्ये कामाला होते आणि मुलगी सांगलीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती. मी चौथी शिकलेली. तरी तिचा एक धडा मला आला, कारण ती चुलीसमोर बसून मोठ्याने पाठ करायची.

तिने मातीच्या गोळ्या रंगवून खराट्याच्या काड्यांना टोचल्या होत्या. मधे काळी गोळी, तिला चार रंगांच्या चार.

"आई, काळा म्हंजे कार्बनचा अणू. त्याला चिकटलेल्या ह्या चौघांना नंबर द्यायचे. जड त्यो पहिला. लाल एक, हिरवा दोन, पिवळा तीन, पांढरा शेवटचा."

"पांढऱ्यानं काय घोडं मारलंय?"

"हलका हाय त्यो. त्याला डोळ्यापास्नं लांब धरायचा आन् बाकीचे एक-दोन-तीन बघत जायचं. आरती ओवाळतो तसं फिरलं तर उजवा, उलटं फिरलं तर डावा."

असे तिने दोन केले, एक उजवा, एक डावा. एकमेकांची आरशातली रूपं. कसेही फिरवा, एकसारखे व्हायचे नाहीत. एक भाकरी करपली, पण मला ओळखता यायला लागलं.

शेवटची परीक्षा महिन्यावर आली आणि तिचं लग्न रहिमतपूरला ठरलं. व्याही म्हणाले, "पेपर देऊ दे की. आमी कुठं अडवतोय?" त्या शब्दावर ती तयार झाली. रुखवतात ती जोडी तिने स्वतः मांडली.

अक्षता पडायच्या आधी माझ्या नणंदेने ती बघितली. "वैनी, ही जोडी जुळंना की! पोरीचं ध्यान कुठं हुतं?" तिने एकातला हिरवा आणि पिवळा उपसून अदलाबदल केली. "आता कशी झ्याक दिसतीया."

दोन्ही उजवे झाले. मला दिसलं. भोवती बायका होत्या, मी गप्प राहिले.

पाठवणीच्या वेळी व्याही म्हणाले, "परीक्षेचं पुढल्या साली बघू, विहीणबाई. आता घरात माणूस पायजे." मुलीने माझ्याकडे बघितलं. तेव्हाही मी गप्प राहिले. मालकही गप्प होते, पण मी माझं सांगते.

निघताना ती रुखवताजवळ थांबली.

"हे कुणी बदललं?"

"आत्यानं."

"तुज्यासमोर?"

"व्हय."

जोडी तिने नेली नाही.

पुढल्या साली बाळंतपण आलं, मग सासूचं दुखणं. परीक्षा राहिली ती राहिलीच. मी हिरवा-पिवळा पुन्हा आपापल्या जागी लावून जोडी फडताळात ठेवली होती. चार वर्षांनी दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तेव्हा तिच्यापुढे ठेवली.

"ह्यातला उजवा कंचा?"

तिने एक उचलला, बोटाने लाल, हिरवा, पिवळा मोजलं आणि म्हणाली, "ह्यो. बरोबर ना?"

पांढरी गोळी तिने लांब न धरता डोळ्यांकडेच धरली होती. तो डावा होता.

मी व्हय म्हटलं आणि भाकरी थापायला बसले.