कासवाच्या पाठीवरचं घर

सतराव्या शतकातल्या डच माणसांना एखादी गोष्ट नुसती बघवतच नव्हती. छापायच्या तांब्याच्या पत्र्यावर साबणाचा फुगा कोरला की खाली लिहायचं, आयुष्य असंच फुटतं. झाडू कोरला की लगेच, मनही झाडा! वर बोधवाक्य, मध्ये चित्र, खाली उपदेश. अशा चित्रांच्या अभ्यासात माझी उमेदीची वर्षं गेली. पण त्या वसंतात त्यांच्याकडे बघवत नव्हतं, कारण जीव थाऱ्यावर नव्हता.

बाबा गेल्यावर मी आईला नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला माझ्या घरी आणलं होतं. पुण्यातला फ्लॅट विकायचा, तिने तीन महिने माझ्याकडे आणि मग भावाकडे बंगळूरला राहायचं, असं आम्ही बहीणभावांनी फोनवर ठरवून टाकलं. तिला सांगितलं तेव्हा ती "बघू" म्हणाली. त्या 'बघू'ने माझा जीव टांगणीला लागला. गिऱ्हाईक थांबायला तयार नाही, भाऊ रोज विचारतोय, आणि ही निवांत मेथी निवडतेय! मला एका जागी बसवेना. सायकल काढायची, कालव्यापर्यंत जायचं, वाऱ्याला शिव्या घालत परत यायचं.

एका प्रदर्शनासाठी टीप लिहायची होती, म्हणून अशाच एका चित्राची मोठी प्रत मी दाराजवळ चिकटवली होती. एक बाई आणि तिच्या पायाशी कासव. सकाळी फिरायला निघालेली आई तिथे थांबली. कासवाला हात लावून तिने तो कपाळाला लावला.

"आई, अगं काय करतेस?"

"देवळात गाभाऱ्यासमोर असतं ना, तसंच आहे की."

माझं डोकंच सणकलं. "कसलं देऊळ! कासव जसं घर सोडत नाही, तसं बाईने घर सोडू नये, असं लिहिलंय खाली. बायकांना डांबायचं चित्र आहे ते, आणि तू त्याच्या पाया पडतेस!"

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्हणजे पाठीवर आहे ते त्याचं घर?"

"हो."

"स्वतःचं?"

"हो गं बाई, स्वतःचं!"

"मग बरे म्हणायचे हे लोक. बाईला घरात बस म्हणाले, पण घर तिचं आहे एवढं तरी धरून चालले. तुम्ही दोघांनी मला विचारलंत का?"

"विचारलं की! तूच बघू म्हणालीस."

"सांगितलंत. विचारलं नाहीत."

मी गडबडले. "अगं, पण एकटी राहणार तू? रात्री-अपरात्री काही झालं म्हणजे?"

"झालं तर होईल. माझ्या घरात होईल."

ती बूट घालून निघून गेली. मी तिथूनच भावाला फोन लावला. म्हटलं, गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग. तो भडकलाच. "आणि ती तिथे एकटी मेली तर?"

मला रडू फुटलं. हाच प्रश्न मला कित्येक दिवस झोपू देत नव्हता. तरी मी 'नाही, विकायचं नाही'च म्हणत राहिले.