टॉर्चवाल्या मामाचे चार प्रश्न

कामठ्याच्या भैयालालमामाला कोणीही अनोळखी माणूस दाखवा. मामा मान तिरकी करतो, एक डोळा बारीक करतो आणि सुरू होतो, "कोन्या गावचा? आडनाव? मामाचा गाव? सासुरवाडी?" चौथ्या उत्तराला नातं निघालंच. तीस वर्षं त्याने याच चार प्रश्नांवर लग्नं जुळवली. आता पोरं फोनवरच जुळवून घेतात. मग त्याच्या पोरीने, दीप्तीने, त्याला वेबसाइट काढून दिली.

त्या वेबसाइटवर मामा डोक्याला बांधायच्या टॉर्चची परीक्षा घेतो. टॉर्च बांधून धानाच्या बांधीत उतरतो, मुद्दाम चिखलात पाडतो आणि लिहितो, "हा घ्या. तो नोका घेऊ, त्यात बेडकालेही दिसत नाई." खालच्या लिंकवरून कोणी टॉर्च घेतला की कंपनी मामाला कमिशन देते. अट एवढीच: सहा महिन्यांत तीन गिऱ्हाइकं, नाहीतर लिंक बंद. नातेवाइकांची खरेदी धरणार नाही.

कामठ्यातून अकरा टॉर्च गेले. मामाने स्वतःच फोनवरून कंपनीला मेल केला, "अकराही माझेच. पहिला चुलतसाडू, दुसरी आतेबहिणीची नणंद..." कंपनीने अकराही खोडले.

"बाबा, कोनं सांगाले सांगतलं होतं?"

"मंग का नातं नाकारू? उद्या माह्या तेरवीले कोन येईन?"

शेवटच्या दिवसापर्यंत कोल्हापूरचं एक आणि जळगावचं एक, अशी दोनच गिऱ्हाइकं धरली गेली. तिसऱ्यासाठी बापलेक सडक अर्जुनीच्या ढाब्यावर गेले. एका ट्रक ड्रायव्हरने लिंक उघडली, बोट बटनावर नेलं...

"कोन्या गावचे जी?"

"राजनांदगाव."

"सासुरवाडी?"

"देवरी. बिसरामजी के यहाँ."

"अरे! बिसराम तं माह्या साल्याचा इवाई!" व्याही निघताच मामाने मिठीच मारली, चहा पाजला. "तुमी नोका घेऊ, जवाईबापू!"

दीप्तीने कपाळ बडवलं. "काऊन इचारून राहिले, बाबा?"

"तोंडच आयकत नाई वो."

तिने पानठेल्यावरून सुपारी-तंबाखूचा खर्रा आणला आणि अख्खी पुडी मामाच्या तोंडात कोंबली. खर्रा भरला की बोलणं बंद.

दुसरा ट्रक थांबला. मामाने कपाळावरचा टॉर्च पेटवला. प्रश्न काही ओठांतून निघेनात, म्हणून भुवया चारदा वर गेल्या. कपाळ हललं, उजेड चारदा नाचला.

"वाह चाचा, चार मोड है!" म्हणत ड्रायव्हरने लिंकवरून दोन मागवले.

दीप्तीचा फोन वाजला. तिसरं गिऱ्हाईक झालं!

ट्रक हलला तसा मामा खर्रा थुंकून मागे धावला. "भाऊऽ, कोन्या गावचेऽ?"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. दीप्तीने झडप घालून मामाचे दोन्ही कान दाबले.

"काय म्हनला वो?"

"हॉर्न होता बाबा."

मामा लांब जाणाऱ्या ट्रककडे पाहत राहिला. "नाक मात्र तुह्या मायच्या माहेरचं दिसून राहिलं."

दीप्तीने आधी त्याच्या खिशातला फोन काढून घेतला.