कोर्ट चालत जात नसतं

आमच्या डहाणू कोर्टातून खटले लवकर निघत नाहीत, वकिलांच्या बार रूममधून किस्से मात्र रोज निघतात. चहा आला की कुणीतरी सुरू करतंच, "त्या साहेबांचं ऐकलंत का?" मग सगळे खो खो हसतात. मीही हसायचे. इतकी वर्षं वकिली करायची तर हसल्याशिवाय माणूस टिकत नाही. पण ते साहेब आता जिल्हा परिषदेला उभे राहिलेत आणि माझं डोकं फिरलंय. तेव्हा आज हसवायला नाही सांगत, नुसतं सांगते.

*

साहेब इथे जज म्हणून आले तेच बढती हुकल्याचा राग घेऊन. तो सगळा आमच्यावर! कुणाचा मोबाइल वाजला, जप्त. कुणी खोकलं, बाहेर.

एकदा चिंचणीची एक मावशी साक्षीला आली. मासळीबाजार उरकून थेट आलेली, पाटी बाहेर व्हरांड्यात ठेवून. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "कोर्टात वास येतोय. पुढची तारीख!"

मावशी पिंजऱ्यातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काल तुमचा शिपाई माझ्याकडनंच पापलेट घेऊन गेला साहेब. तेव्हा नाय आला वास?"

आम्ही फायलींमध्ये तोंडं खुपसली. मावशीला तारीख मिळालीच. धंदा बुडवून ती पुन्हा आली, तेव्हा साहेब रजेवर!

*

आता माझी रखमीबाई. तलासरीकडच्या एका पाड्यावर राहते. पाड्यावरून डांबरी सडकेवर यायची वाट चिकूवाडीतून जाते. आज्या-पणज्यापासूनची वाट. एका शेठनं ती वाडी घेतली आणि वाटेवर लोखंडी गेट ठोकलं, वर कुलूप. तेव्हापासून अख्खा पाडा ओहोळातून वळसा घालतो. मी रखमीतर्फे दावा लावला, वाट मोकळी करून द्या म्हणून.

साहेबांनी तिला विचारलं, "जुन्या वाटेनं सडक किती लांब? मीटरमध्ये सांगा."

"घरातनं हाक मारली का सडकेवर ऐकू येते."

"आणि ओहोळातून?"

"चुलीवर भात टाकून निघालं, तर माघारी येईपर्यंत करपतो. तुम्ही चला ना साहेब, दावते."

साहेब भडकले. "बाई, कोर्ट चालत जात नसतं! लोक चालत कोर्टात येतात."

*

कोर्ट जात नाही, म्हणून मी कमिशनर मागितला. म्हणजे कोर्टातर्फे जागा बघून येणारा वकील. आमच्यातलाच एक नेमला. तो गेला, शेठच्या बंगल्यावर चहा-फरसाण झालं, आणि साहेबांसमोर रिपोर्ट आला: "गेट कुलूपबंद असल्याने रस्ता आढळून आला नाही."

अरे, त्या कुलपासाठीच तर कोर्टात आलोय ना आम्ही! मी ओरडलेच. साहेब म्हणाले, "मॅडम, आवाज खाली." त्या वकिलाशी मी आजही बोलत नाही.

*

पुढच्यावर बार रूममध्येसुद्धा कुणी हसत नाही.

भर पावसाळ्यात रखमीच्या सुनेला कळा लागल्या. सडकेवर ॲम्ब्युलन्स उभी, हाकेच्या अंतरावर. रखवालदार म्हणाला, शेठला विचारतो. शेठ फोन उचलेना. शेवटी चादरीची झोळी करून चौघांनी तिला ओहोळातून नेलं. सून वाचली, मूल गेलं.

पुढच्या तारखेला मी हे कोर्टात सांगितलं. साहेबांनी मान वर केली नाही. "हा रस्त्याचा दावा आहे मॅडम, दवाखान्याचा नाही."

माणूस आहे की कोण? अंगावरचा काळा कोट काढून त्यांच्या टेबलावर फेकावासा वाटला मला. रखमी रडली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "ताई, वाट भेटंल ना?"

*

शेवटी एकदाचे युक्तिवाद संपले. साहेब म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय."

रखमीनं मला विचारलं, "म्हंजे वाट मिळाली?"

"नाही गं. आता ती साहेबांकडे आहे. ते लिहून देतील."

मग डहाणूला आली की ती बार रूमच्या दारात उभी. "ताई, वाट साहेबांकडंच हाय का अजून?"

"हो गं बाई, त्यांच्याकडेच."

आणि साहेब रिटायर झाले. निकाल न देताच! सेंड-ऑफला शाल, नारळ, वर शेठकडून चिकूची करंडी. भाषणात म्हणतात कसे, "उशिरा मिळालेला न्याय हा न्यायच नव्हे!" टाळ्यांचा कडकडाट. मी हात मांडीवरच ठेवले. नव्या साहेबांनी फाइल चाळली आणि म्हणाले, युक्तिवाद पहिल्यापासून करा.

*

जुन्या साहेबांनी इथेच, डहाणूजवळ मसोलीत बंगला बांधला. आता ही निवडणूक. गाडीवर बॅनर, 'न्याय तुमच्या दारी'.

परवा मी रखमीकडे गेले होते, केसच्याच कामाला. ओहोळातून, चपला हातात घेऊन. ओट्यावर जरा टेकते तोच मागून साहेब! पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, बूट कार्यकर्त्याच्या हातात, घामाने निथळतायत. गेटवर रखवालदारानं त्यांनाही अडवलं होतं म्हणे. "केस चालू हाय. शेठनी सांगितलंय, कोणालाच सोडायचं नाय."

मला बघून त्यांनी ओळख दाखवली नाही. रखमीलाही ओळखलं नाही. तिनं तांब्याभर पाणी दिलं, ते गटागटा प्यायले. मग पायावरचा चिखल झटकत वैतागून म्हणाले, "काय हो बाई, या पाड्याला सरळ वाट नाही का?"

रखमीनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला.

"हाय ना साहेब. तुमच्याकडंच हाय."