रिकामी जागा, काढू नये

मी निपाणीकडचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो तेव्हा ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या एकट्या अक्काच होत्या, आणि त्यांचं मराठीही मला सुरुवातीला अर्धंच कळायचं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. ‘स्वल्प थांब’ म्हणजे जरा थांब, ‘सरी, पुढं सांग’ म्हणजे बरं, पुढं सांग, असं कानडी मिसळून त्या सहज म्हणून जायच्या. आमच्या टीमच्या त्या प्रमुख. सगळेच त्यांना अक्का म्हणायचे. कोबोल ही प्रोग्राम लिहायची जुनी भाषा मी कॉलेजात नाही, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकलो.

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. अक्का निवृत्त झाल्या. मी त्याच ऑफिसात राहिलो, त्याच मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या जुन्या धाटणीच्या संगणकावर.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एका जुन्याच क्लायंटचं, परदेशी विमा कंपनीचं, काम आलं. त्यांचे सगळे जुने प्रोग्राम कंपायलरच्या नव्या आवृत्तीवर न्यायचे होते. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देणारा. काम तसं कंटाळवाणं. एकच प्रोग्राम जुन्या आणि नव्या दोन्ही कंपायलरमधून काढायचा, दोन्ही चालवायचे आणि जे बाहेर येईल ते ओळीला ओळ लावून बघायचं. फरक नसला की पुढचा प्रोग्राम.

ग्राहकांची पत्रं छापणाऱ्या प्रोग्रामात फरक निघाला. जुन्यात ‘प्रिय’ या शब्दापुढं माणसाचं नाव होतं, नव्यात तिथं एका गावाचं नाव आलं. आणि हे फक्त तीन शाखांच्या पत्रांत. पुण्याहून आलेली आमची टीम लीड माझ्यापेक्षा बरीच लहान. तिनं विचारलं, हा प्रोग्राम मुळात लिहिला कुणी. मी फाइलची सुरुवात उघडली. तिथं माझीच आद्याक्षरं होती.

दुपारपर्यंत कारण सापडलं. शाखांची, म्हणजे त्या ज्या गावांत आहेत त्या गावांची, नावं ठेवायला मी पन्नास ओळींचं टेबल केलं होतं. पुढं शाखा त्रेपन्न झाल्या, म्हणजे शेवटची तीन नावं टेबलाच्या बाहेर पडत होती. मग इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं कसं? टेबलाच्या खाली मेमरीचा एक मोकळा तुकडा धरून ठेवलेला दिसला. प्रोग्रामात त्याचा कुठंच वापर नव्हता. वर इंग्रजीत एक ओळ लिहिली होती: रिकामी जागा, काढू नये. पुढं अक्कांची आद्याक्षरं.

ती तीन नावं इतकी वर्षं त्या जागेत जाऊन पडत होती, कुणाला धक्का न लावता. नवा कंपायलर हुशार. जे कुणी वापरत नाही ते तो टाकून देतो. त्यानं ती जागा टाकली आणि गावांची नावं त्यापुढच्या ग्राहकाच्या नावावर जाऊन बसली.

त्या ओळीशेजारची तारीख मी पुन्हा एकदा वाचली. त्या महिन्यात माझे वडील गेले होते. चौदाव्या दिवशी मी कामावर परतलो होतो. हा प्रोग्राम लिहिल्याचं मला आजही आठवत नाही.

लीडला मी सांगितलं की चूक माझी आहे. तिनं ते अहवालात साध्या शब्दांत लिहिलं, आणखी काही विचारलं नाही. मी टेबल मोठं केलं, नाव आत टाकण्याआधी जागा आहे का हे बघणारी अट घातली. अक्कांनी ठेवलेली जागा आणि वरची ती ओळ आता नको होती. ती पुसायच्या आधी मी उठून पाणी पिऊन आलो. मग पुसली. पत्रं पुन्हा जुळवली, एकाही ओळीत फरक नव्हता.

शनिवारी सकाळी फोन करून अक्कांकडे गेलो. एचएसआर लेआउट या वस्तीत त्या मुलीकडे राहतात. जेवणाच्या टेबलावर भिजवलेल्या अवरेकाळूचं, म्हणजे आपल्या पावट्याच्या दाण्यांचं, पातेलं होतं. एकेक दाणा चिमटीत दाबून त्या साल काढत होत्या. मीही बसून सोलायला लागलो.

काय झालं ते सांगितलं. आधी त्यांना आठवेना. क्लायंटचा कोड बाहेर नेता येत नाही, म्हणून मी टेबलाच्या ओळी तोंडानंच सांगितल्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, हात मात्र चालूच होते. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवून माझा शब्द दुरुस्त केला. तेव्हा कळलं, त्यांना आठवलं.

“तू नुकताच वडलांचं सगळं करून आला होतास,” त्या म्हणाल्या. “टेबल केवढं धरलंस म्हणून दोनदा विचारलं मी. पुरेल, म्हणालास. तुझं लक्षच नव्हतं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“टेस्टिंग संपलं होतं. आकडा बदलायचा म्हटलं तर सगळं पुन्हा, आणि मीटिंगमध्ये तुला उभं करून विचारलं असतं. मला नको वाटलं ते.” मग सालं एका बाजूला सारत म्हणाल्या, “नंतर नीट करू म्हणून जागा ठेवली आणि राहूनच गेलं. ते काही बरोबर नव्हतं माझं.”

मी म्हटलं, अक्का, बावीस वर्षं टिकलं ते. त्यांना ते पटलं नाही. आता टेबल केवढं केलं, अट घातली का, हे त्यांनी विचारून घेतलं. मी दोन्ही सांगितल्यावर “सरी” म्हणाल्या आणि आत जाऊन कॉफी घेऊन आल्या. मला त्यांचे आभार मानायचे होते. पातेलं रिकामं होईपर्यंत मी सोलत राहिलो.

निघताना त्यांनी डबाभर दाणे दिले. बायकोनं संध्याकाळी त्यांची आमटी केली. जेवताना मी तिला त्या महिन्याबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. वडील कसे गेले ते तिला ठाऊक होतं. इथं परत येऊन मी कसा वागत होतो, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्कांना तिनं फक्त आमच्या लग्नात पाहिलं होतं. पुढच्या शनिवारी आपण दोघं जाऊ, असं ती म्हणाली आणि मला आणखी थोडी आमटी वाढली.