दादाच्या नावची मूठ

भाविकाला कन्फ्यूशियसचा संशय पहिल्या पानापासूनच होता. एम.ए.च्या अभ्यासाला हा चिनी गुरू लागला आणि जळगावच्या होस्टेलात ती पेन्सिल घेऊन बसली. बापाचा मान राखा. रीत मोडू नका. बाप चुकला तर हळू सांगा. ऐकलं नाही तरी अंतर देऊ नका. प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह. "कुणा बापानंच हे लिहून घेतलंय," ती म्हणायची.

तिचे आबा उखर्डू पारोळ्याजवळ कापूस करतात. मागच्या श्रावणात कानबाई देवीच्या रोटाच्या सणाला सगळे भाऊबंद पंगतीत बसले असताना तिचा भाऊ हितेंद्र ठिबक सिंचनावरून ओरडला, "आबा, तुमले शेतीमधलं काही समजत नही!" बोलणं खरं होतं. आबा ताटावरून उठले. हितेंद्र नाशिकला गेला तो गेलाच.

यंदा भाविका रोटासाठी घरी आली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं आबा नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, रोटांसाठी, सव्वा मूठ गहू सुपात टाकत होते. स्वतःची, चुलत्याची, पुतण्याची. मग त्यांनी हात झटकले. ज्याची मूठ नाही, तो घरचा नाही. आई झुंबरबाई खाली मान घालून गहू निवडत राहिली.

भाविकाच्या तोंडी ओरडणंच आलं होतं. पण ते दादानं करून पाहिलं होतं. ती सुपाजवळ बसली.

"आबा, दादानी मूठ ऱ्हायनी."

"ऱ्हायनी नही. टाकीच नही." आबांनी तिला निरखलं. "त्यानी धाडं का तुले?"

"नही. पुस्तकमा शे. बाप चुकना तर हळू सांगानं."

"कोनं पुस्तक?"

"चीनना एक म्हातारानं."

"चीनना माल," आबा म्हणाले, "टिकाव नही."

आईला हसू आवरेना. भाविकाही हसली, पण उठली नाही. आई सूप उचलायला आली तर भाविकाचा हात त्यावर. तिनं पुन्हा तेच म्हटलं, तितक्याच हळू.

आबांनी पोत्यात हात घातला. मूठ सुपात पडली. वरची पाव मूठ आईनं टाकली.

"सांग त्याले, रोट घरबाहेर धाडतस नही. खावाले ये म्हना."

भाविकानं गोठ्यामागे जाऊन फोन लावला. हितेंद्रनं आधी खात्री करून घेतली.

"खरंच आबा बोलनात? का तुनंच काही शे?"

"ये, नि त्यासलेच इचार."

हितेंद्र आला. आबांनी त्याच्या ताटात रोट वाढला.

होस्टेलवर परतल्यावर भाविकानं 'हळू सांगा' या ओळीपुढचं प्रश्नचिन्ह खोडायला रबर घेतलं. मग थांबली. सुपात तिच्या नावची मूठ कधी पडलीच नव्हती.