ओळखा

"ओळखा," म्हणत काका चुरडलेलं पान थेट आपल्या नाकाखाली धरत. मराठी माणसाला 'ओळखा', बाकीच्यांना 'पहचानिए'. झाड तेच, प्रश्न तोच. आपण "कापूर" म्हटलं की परीक्षेत स्वतःच पास झाल्यासारखे खूश होत. असा एखादा माणूस तुमच्याही कॉलनीत असेल. आपण हसतो आणि पुढे जातो.

राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते तळमजल्यावर राहत, मी त्यांच्या वर. दारातलं कापराचं झाड त्यांच्या बायकोनं डेहराडूनहून रोप आणून लावलेलं. कोरोनात ती गेली, ते वाचले. थंडी सरली की अर्धी कॉलनी रजयांच्या पेटीत ठेवायला त्यांच्याकडून पानं न्यायची. पानं असली की कसर फिरकत नाही, असं ते सांगत आणि ते खरंच होतं.

पुण्याच्या मुलीचा एकच धोशा, व्हीआरएस घ्या आणि इकडे या. ते म्हणत, झाडाला पाणी कोण घालणार?

आरतीनंतरचं त्यांचं पालुपदही ठरलेलं. "कापूर जळला की मागे राख नाही. माणसानं असं जावं."

"काका, आधी प्रसाद वाटा, मग जा," मी चिडवायचे.

एका वर्षी त्यांच्या गणपतीच्या आरतीला मी सगळ्यांच्या आधी खाली उतरले. दार ढकललं आणि वासानं गुदमरलेच. घरभर गॅस. चहा उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण तसंच चालू. निरांजन अजून लावायचं होतं, पण लावल्यावर विझू नये म्हणून खिडक्या आधीच बंद. आणि हे गणपतीसमोर तबक घेऊन बसलेले, तबकात कापूर, हातात काडी.

मी झडप घालून काडेपेटी हिसकावली. शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर झाडाखाली आणलं. डोक्यात त्यांचं तेच वाक्य, माणसानं असं जावं. मला वाटलं, यांनी ठरवूनच केलं.

"काका, काय करत होतात?"

"आरतीची तयारी. का, काय झालं?"

"एवढा गॅसचा वास..."

"कसला वास?"

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला.

"वास गेलाय माझा," ते हळूच म्हणाले. "ती गेली तेव्हापासून. पोरीला सांगू नका. ती मला इथे राहू देणार नाही."

म्हणजे इतकी वर्षं ते कोडं घालत नव्हते. तिच्या झाडाला वास आहे ना, हे आमच्या नाकांनी तपासून घेत होते.

मी त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

ते माझ्याशी बोलेनासे झाले. पुण्याला जायच्या दिवशी टॅक्सीत सामान चढलं तरी हे झाडापाशीच उभे. मग एक पान तोडलं, चुरडलं आणि माझ्यासमोर धरलं. या वेळी 'ओळखा' म्हणाले नाहीत.

"येतो ना अजून?"

"येतो, काका. खूप येतो."

त्यांनी मान डोलावली, पान माझ्या हातात ठेवलं आणि टॅक्सीत बसले.

टॅक्सी वळली. मी पान नाकाशी नेलं आणि तशीच जिना चढून धावत वर गेले, शेगडी बंद आहे ना ते बघायला. अजूनही कापराचा वास आला की तेच होतं.