पस्तीस अंशांची शिट्टी

ड्रॅगो पेरिचच्या खिशात थर्मामीटर असतो आणि गळ्यात शिट्टी. मेलबर्नच्या फुटस्क्रेमधल्या आमच्या बारा मजली इमारतीवर तो सेंट्रिंगचं काम करतो आणि युनियनचा प्रतिनिधीही आहे. सावलीत पारा पस्तीसवर गेला की तो शिट्टी वाजवतो आणि साठ माणसं अवजारं खाली ठेवून घरी जातात. त्याच इमारतीचं वेळापत्रक मी बनवते. त्या शिट्टीचा मला फार राग यायचा. पण माझी मुलगी ब्रॉनी त्याच्याच टोळीत आहे, म्हणून शिट्टी वाजली की आधी हायसं वाटायचं आणि मग राग यायचा.

जानेवारीत नववी स्लॅब भरायची होती आणि त्या दिवशी एक्केचाळीस अंशांचा अंदाज होता. आमचा मॅनेजर ग्रॅहम म्हणाला, "नेहमीसारखं सातला सुरू करू."

"म्हणजे अकराला शिट्टी," ड्रॅगो म्हणाला. "अर्धी स्लॅब भरलेली, अर्धी उघडी. मग घट्ट झालेलं काँक्रीट बस फोडत."

"तू फक्त शिट्टी वाजवू नकोस."

"बरं. मग तू ये वर, बूट घालून."

जेवणाच्या शेडमध्ये त्याने सगळ्यांना विचारलं, "पाचला यायचं का?"

"बायको घराबाहेर काढेल मला!" एक जण ओरडला.

"ती तर निमित्तच शोधतेय," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला आणि हात वर झाले. पहाटेच्या आवाजाची परवानगी मी नगरपालिकेकडून आणली. साडेदहाला स्लॅब पूर्ण झाली, अकरा वाजून दहा मिनिटांनी शिट्टी वाजली. ती नववी धरून आतापर्यंत तीन मजले झाले. आधी एकेका मजल्याला आठ दिवस लागायचे, आता सहा लागतात.

तरीही काम अकरा दिवस मागे आहे. आज दुपारी ग्रॅहम माझ्या टेबलापाशी आला.

"उद्या सकाळी अहवाल हवा. उशिराचं कारण लिही, युनियन. मग ड्रॅगोला इथून हलवता येईल."

"आणि स्टील उशिरा आलं ते?"

"ते साहेबांच्या मेहुण्याचं स्टील आहे, बाई. जरा समजून घे."

मी समजले. माझी नोकरी त्या कागदावर होती. जेवताना ब्रॉनीला सांगितलं, तर तिने काटा खाली ठेवला.

"आई, तो गेला तर थर्मामीटर कोण बघणार? ग्रॅहम? त्याच्या केबिनला एसी आहे."

एवढं बोलून ती झोपायला गेली. मी बसले. दोनदा 'युनियन' लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी जे घडलं तेच लिहिलं. स्टीलमुळे बारा दिवस गेले, वारा-पावसात काम थांबवल्यामुळे दोन, उन्हामुळे तीन. पहाटेच्या कामाने सहा वाचले. ऊन-पावसात ड्रॅगोने थांबवलेले हे पाच दिवस मी लपवले नाहीत. खाली सही केली आणि पाठवून दिलं.

अजून उत्तर नाही. फोन उलटा ठेवला, परत सुलटा केला. उद्या बाराव्या मजल्याची शेवटची स्लॅब आहे आणि अंदाज एकोणचाळीसचा आहे. ब्रॉनीचे बूट दाराशी तयार आहेत. शिट्टी ड्रॅगोच्या गळ्यात असेल की नाही, ठाऊक नाही. वेळापत्रकात मी पाचचीच वेळ टाकली आहे.